पार्श्वसंगीत कुणाचं, तेही छापत जा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं होतं. हल्लीची पोरं कानात बोंडं कोंबून सिनेमातली धाडधाड आणि गेममधली टिंगटिंग ऐकत बसतात, ज्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले त्या सुळेभावीच्या आसपास आता सूर कुणाला कळेना, असा एकूण सूर होता. गुरुजींना मी ओळखतो. त्यांची पेटी दोनदा माझ्याकडेच आली होती, भाता उंदरांनी कुरतडला होता. माणूस मोठा, वाचन दांडगं. पण सिनेमाचं पार्श्वसंगीत आणि खेळांचं संगीत हे मुळात संगीतच नव्हे, हा त्यांचा निकाल काही माझ्या घशाखाली उतरेना. म्हणून हा कागद.

मी बेळगावच्या शहापुरात पेट्या दुरुस्त करतो. बेचाळीस वर्षं हाच धंदा. पालिताण्याचे पितळी सूर, म्हणजे आत थरथरणाऱ्या पट्ट्या, आणायचे, भात्याचं चामडं बदलायचं, उतरलेला सूर टोकाशी खरवडून चढवायचा, चढलेला बुडाशी खरवडून उतरवायचा. गाणं कुणाकडे शिकलो नाही, कान तेवढा कामानं तयार झाला. आणि ज्या वाद्यावर माझं घर चाललं त्याच्याबद्दलही एके काळी जाणत्या लोकांनी हेच म्हटलं होतं, की हे आपलं संगीत नव्हे. आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीला दार बंद केलं ते 1971 पर्यंत उघडलं नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक भेद, लागत नाहीत, परदेशी डबा आहे. आक्षेप खोटे नव्हते. पेटीवर मींड येत नाही हे मी कोर्टात शपथेवर सांगेन. पण त्याच वर्षांत कागवाडात जन्मलेले रामभाऊ विजापुरे इथं बेळगावात बसून त्या डब्यातून काय काढत होते, ते गुरुजींनी माझ्यापेक्षा जास्त ऐकलं असेल.

माझं ऐकणं सुरू झालं भिंतीतून. लहानपणी आमचं घर एका टॉकीजच्या पाठीला पाठ लावून होतं. टॉकीज गेलं, तिथं आता कापडाचं दुकान आहे. तिकिटाला पैसे नसायचे. मधली भिंत दगडी, पण वर पत्रा, आणि उकाडा सोसेना म्हणून पत्र्याखालची झडप कायम उघडी. मी माळ्यावर झोपायचो, ती झडप माझ्या उशापासून चार हातांवर. बोलणं नीट कळायचं नाही, स-श-च ही अक्षरं वाटेतच गळून जायची. संगीत मात्र यायचं, त्यातही खालचे सूर जास्त. एक पिक्चर तीन-चार आठवडे टिकला की त्याचं पार्श्वसंगीत मला पाठ, पिक्चर न बघता. कुठे घोडे, कुठे पाऊस, कुठे कुणीतरी चोरपावलांनी आलंय, हे मी सुरांवरून ताडायचो आणि सकाळी शाळेत पोरांना गोष्ट सांगायचो. गोष्ट बहुतेक वेळा चुकीची असायची. भाव सहसा चुकायचा नाही.

'शोले' आमच्याकडे लागला तेव्हा मी आठवीत होतो. रोज रात्री जेवणं उरकून मंडळी झोपायच्या बेताला आली की पलीकडून माउथ ऑर्गन सुरू व्हायचा. मला वाटायचं, इथं कुणीतरी मेलेलं आहे. महिन्याभरानं मामानं पिक्चर दाखवला. बघतो तर कुणी मेलेलं नव्हतं. पांढऱ्या साडीतली एक बाई हवेलीचे दिवे एकेक करून मालवत होती आणि तो लांब बसून वाजवत होता. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. मामाला म्हटलं, मला वाटलं होतं कुणी मेलं म्हणून. मामा म्हणाला, "मग वेगळं काय हाय हे?" संगीत राहुल देव बर्मन यांचं होतं हे पोस्टरवर होतंच. पण तो माउथ ऑर्गन भानू गुप्ता यांनी वाजवलाय, हे मला कळायला पुढं वीस-पंचवीस वर्षं लागली. माउथ ऑर्गन म्हणजे पेटीचा चुलतभाऊ. तिकडे तोंडाची हवा, इकडे भात्याची, आत थरथरते ती पितळी पट्टी तीच. चुलतभावाचं नाव इतक्या उशिरा कळावं याचं मला अजून वाईट वाटतं.

पार्श्वसंगीत म्हणजे काय हे शहापूर-वडगावच्या माणसाला समजावून सांगायला नको. दिवसभर मागांची खडखड चालू असते, ती कुणी ऐकत नाही. करंट गेला, माग थांबले, की सगळी गल्ली मान वर करून बघते.

आणि धाडधाडीबद्दल म्हणाल तर उलटंच आहे, चांगल्या माणसाला फार थोडं लागतं. घरात पेटी असेल तर करून बघा. खालच्या सप्तकात पांढरी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी, दाबा, मग पांढरी चार. दोन्हींच्या मध्ये काळी पट्टी नाही, अगदी खेटून आहेत. आधी सावकाश, थांबून थांबून. मग थांबणं कमी करत जा. 1975 च्या 'जॉज'मध्ये शार्क दिसायच्या आधी जॉन विल्यम्सनं जे वाजवलंय त्याचं मूळ एवढंच. पांढरी तीनला सा धरला तर सा आणि कोमल रिषभ. भैरवात पहाटे देवापुढं बसवणारं हे अंतर, तिकडे दात विचकतं. हे मी दुकानात एका भजनी बुवांना वाजवून दाखवलं. ते म्हणाले, थांबा हो, पोटात कालवतंय.

काही वेळा तर न वाजवणं हेच काम असतं. कोल्हापुरात सुरू होऊन पुण्याला गेलेल्या प्रभातचा 'कुंकू' 1937 चा. त्यात केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीताची वाद्यं जवळजवळ बाजूला ठेवून घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज वापरले. बोलपट येऊन पुरती सहा वर्षं झाली होती आणि आपल्या माणसांना गप्प कधी बसायचं हे कळलेलं होतं. हल्लीच्या काही पिक्चरांत नायकानं मान वळवली तरी दीडशे माणसं कोरसमध्ये ओरडतात, तिथं मी गुरुजींच्या बाजूला आहे. तसंच गणपतीत भिंतच्या भिंत रचून जो डॉल्बी लावतात त्याबाबतही. त्या दिवशी मी दुकान उघडतच नाही, सूर लावणार कसा? मूळच्या डॉल्बी साहेबानं 1965 मध्ये जे यंत्र काढलं ते टेपमधली खरखर कमी करायला, हे आमच्या मंडळाच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात.

'पथेर पांचाली'चं संगीत रविशंकर यांनी एका रात्रीच्या बैठकीत करून दिलं, हे अनेकांना माहीत असतं. त्यातली एक जागा सांगतो. बाप बऱ्याच दिवसांनी घरी येतो, मुलीसाठी साडी आणलेली असते, मुलगी गेलेली असते, त्याला ठाऊक नसतं. आई साडी हातात घेते आणि फुटते. तोंड रडायला उघडतं, पण रडण्याचा आवाज येतच नाही. त्या जागी येते तारशहनाई, वरच्या सप्तकातला पटदीप राग. दक्षिणामोहन टागोर यांनी वाजवलेला. तारशहनाई म्हणजे एसराजालाच ग्रामोफोनसारखा कर्णा बसवलेला असतो, त्यामुळे तारेचा आवाज माणसाच्या घशासारखा चिरका होऊन बाहेर पडतो. मी ही जागा दुकानात लावली तेव्हा खानापूरकडचं एक गिऱ्हाईक पेटी घेऊन आलं होतं. ती पेटी खाली ठेवायची सोडून तो माणूस तशीच छातीशी धरून उभा राहिला. दहा किलोची पेटी.

आता मुद्द्याचं. या लोकांची नावं कुठं असतात? कुडाळकडचे वसंत देसाई. आंबोली घाट उतरलो की आपण त्यांच्याच मुलखात. त्यांची गाणी सगळ्यांना पाठ. पण 1973 च्या 'अचानक'मध्ये एकही गाणं नाही, पार्श्वसंगीत त्यांचं आहे, हे आमच्या भजनी मंडळात विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही. गाणं नाही म्हटल्यावर संगीतकारच नाही, असा हिशेब. 'मालगुडी डेज'ची ती चाल इथला रिक्षावालासुद्धा गुणगुणतो, मराठी असो की कन्नड. ती एल. वैद्यनाथन यांची हे किती जणांना माहीत आहे? भास्कर चंदावरकर यांनी मराठीत 'सामना' केला, कन्नडात 'ओंदानोंदु कालदल्लि' केला, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पोरांना हेच सगळं शिकवलं. सीमेच्या अलीकडं-पलीकडं दोन्हीकडं कान असलेला असा माणूस. आपल्या बेळगावात त्यांच्यावर एखादी संध्याकाळ झाली असेल तर ती माझ्या कानावर आलेली नाही.

गेमकडे येतो. गुरुजींचा राग तिथं जास्त आहे.

माझ्या मुलाला 1997 च्या सुमारास टीव्ही गेम घेऊन दिला होता. पिवळी कॅसेट खुपसायची, लागली नाही की फुंकर मारून परत खुपसायची. मी शेजारच्या खोलीत सूर लावत बसायचो आणि डोकं उठायचं. म्हणजे मीही त्या वेळी गुरुजींसारखंच बोलायचो. पण एक दिवस मी खरवडत असलेला सूर आणि त्या खेळातला सूर एकाच पट्टीत आले, आणि कान आपोआप तिकडं गेला. चाल पक्की होती. त्या वेळी एवढंच वाटलं. आतली भानगड अलीकडं नातवानं समजावली. मुलगा खेळायचा तो मारिओ, त्याचं ते यंत्र एका वेळी फक्त पाच आवाज काढू शकत होतं. दोन आवाज आपल्या पेटीच्या सुरासारखे नाकात बोलणारे, ते चाल आणि तिची जोड वाजवतात. तिसरा गोल, खालचा, तो खर्ज सांभाळतो. चौथा नुसता फुसफुसाट, त्याचे तुकडे करून ताल. पाचव्यावर ध्वनिमुद्रित केलेले बारके तुकडे. कोजी कोंडो नावाच्या जपानी माणसानं 1985 मध्ये एवढ्यावर ती चाल बांधली. गंमत पुढंच आहे. मारिओनं उडी मारली की 'टुइंग' वाजतं ना, त्यासाठी वेगळा सहावा आवाज नाही. पाचांतल्याच एका वादकाला तेवढ्यापुरतं गप्प बसवून त्याच्या तोंडून ते टुइंग काढतात. आणि पोरगं तर सारखं उड्या मारतंय! तरी चाल मोडत नाही. उजव्या हातानं चाल, डाव्या हातानं भाता आणि मध्येच टाळ निसटला तर तोही पकडायचा, असं ज्यानं भजनात केलंय त्याला या कोंडोबद्दल आदर वाटल्याशिवाय राहणार नाही.

त्याच्याही आधीचा, 1978 चा 'स्पेस इन्व्हेडर्स'. त्यात संगीत म्हणाल तर खाली उतरणारे चार सूर, पुन्हा पुन्हा तेच. शत्रू कमी होत जातात तसे ते चार सूर भराभर येऊ लागतात. आपल्या भजनात शेवटी 'विठ्ठल विठ्ठल' चढतं आणि बसलेली माणसं न कळत उठून उभी राहतात, तेच. चाल बदलत नाही, लय बदलते.

माझा नातू पीयूसी दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. अभ्यास झाला की (झाला असं तो म्हणतो) कॉम्प्युटरवर 'रेड डेड रिडेम्पशन' खेळतो. अमेरिकेतल्या जुन्या काळचा घोडेवाला, उजाड माळ, गोळीबार. मला गोळीबार बघवत नाही. म्हणून मी पडद्याकडं पाठ करून, भिंतीला तोंड करून बसतो. पहिल्या दिवशी पोरगं म्हणालं, "आज्जा, काय करूलायस?" म्हटलं, ऐकतोय, तू खेळ. मला माझा माळा आठवला.

पाठ करून बसल्यावर काय कळलं ते सांगतो. तो पायी चालत असला की अगदी थोडं वाजतं, एखादी गिटारची तार, लांबवर शीळ, बराच वेळ काहीच नाही. घोड्यावर बसला की खालून खर्ज सुरू होतो. कुणी अंगावर आलं की त्याच खर्जावर ढोल, कर्णे चढतात. संकट टळलं की एकेक वादक उठून जातो, खर्ज तेवढा राहतो, मग तोही जातो. कुठं तुटल्यासारखं वाटत नाही, सांधा दिसत नाही. मी म्हटलं, हे जमतं कसं? सिनेमात दार किती सेकंदांनी उघडणार हे आधी ठरलेलं असतं, संगीतकार तेवढं मोजून लिहितो. इथं दार कधी उघडायचं ते माझ्या नातवाच्या मर्जीवर. तो दारापाशी घोडा उभा करून भडंग खात बसला तर?

नातवानं दोन दिवसांनी शोधून आणलं. बिल एल्म आणि वूडी जॅक्सन या दोघांनी त्या खेळाचं संगीत केलं आणि ते सगळंच्या सगळं एकाच लयीत, मिनिटाला 130 मात्रा, आणि एकाच पट्टीत, ए मायनरमध्ये ध्वनिमुद्रित केलं. म्हणजे आपल्या भाषेत पांढरी सहाला सा, आणि गंधार, धैवत, निषाद कोमल. आसावरी थाट म्हणा हवं तर. सगळे तुकडे एकाच मापाचे असल्यावर कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्यावर बसतो. माझा विश्वास बसेना. दुकानातला इलेक्ट्रॉनिक तबला आणला, लय 130 वर लावली आणि पोराला म्हटलं, आता पळव घोडा. पाच मिनिटं तबला आणि घोडा एकमेकांना सोडेनात. सून बाहेरून ओरडली, काय चाललंय दोघांचं म्हणून.

हे तंत्र नवं असेल, गरज जुनीच आहे. गोकाककडं श्रीकृष्ण पारिजात या लोकनाट्याचे खेळ होतात, तिकडच्या मंडळींच्या पेट्या माझ्याकडं येतात. त्यांच्यासोबत रात्र काढलीय मी. सोंगाला आतून बाहेर यायला उशीर झाला, मिशी निघाली, काही झालं, की पेटीवाला तीच ओळ फिरवत राहतो, किती वेळ फिरवावी लागेल ते त्यालाही माहीत नसतं. सोंग दिसलं की समेवर येऊन सोडतो. बघणाऱ्याला वाटतं एवढंच होतं. आमचा पेटीवाला डोळ्यांनी बघून ठरवतो, तिकडं ते आधीच विचार करून ठेवावं लागतं, इतकाच फरक. त्याच खेळात तो घोडेवाला एका ठिकाणी तराफ्यातून नदी ओलांडून मेक्सिकोत जातो, तिथं एकदम एक माणूस गाऊ लागतो, होजे गोन्झालेझ. तोवर तासन्तास गाणं नसतं, त्यामुळे ते अंगावर येतं. पुढं त्या मुलखात ट्रम्पेट ऐकू येतं. महाराष्ट्राच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की आपल्याकडं पाटीची लिपी बदलते, तिथं वाद्य बदलतं.

यासाठी एक करावं लागतं. मोबाईलच्या पोटातल्या स्पीकरवर हे ऐकू नये. त्यातून खर्ज येतच नाही, वरचं किनकिन तेवढं येतं, आणि गुरुजी ज्याला टिंगटिंग म्हणतात ते बहुधा तेवढंच. काही लोक फोन तांब्यात ठेवतात, त्यानं आवाज वाढतो, खर्ज येत नाही. साधा वायरचा हेडफोन पुरतो. मी सहाशेचा घेतलाय.

नातवानं मला विचारलं, आज्जा, हे करायची नोकरी असते का? मला सांगता येईना. आता कळलं की असते. पुण्यात तयार झालेला 'राजी' नावाचा खेळ 2020 मध्ये आला, गोष्ट आपल्या पुराणांच्या वळणाची, चित्रं पहाडी शैलीची, आणि संगीत ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांचं. चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. ग्रॅमीमध्ये 2023 पासून खेळांच्या संगीताला वेगळं पारितोषिक आहे. टोकियो ऑलिम्पिकच्या उद्घाटनात 2021 मध्ये सगळ्या देशांचे खेळाडू मैदानात आले ते जपानी गेमच्या संगीतावर. आमच्या टिळकवाडीत, अनगोळात घरोघर तबला-पेटीच्या शिकवण्या आहेत, पोरं परीक्षा देतात, सर्टिफिकेट भिंतीवर लागतात. त्यातल्या एखाद्याला हे ऐकवणारं कुणीतरी असावं, एवढंच वाटतं.

आता टॉकीजांची गोष्ट. गेल्या महिन्यात नातवाबरोबर शहरातल्या एका मल्टिप्लेक्सला गेलो होतो. कुठल्या ते लिहीत नाही, सगळीकडं हाच प्रकार आहे. पिक्चर संपला, नावं सुरू झाली, खाली संगीत चाललेलं. शेवटच्या नावांखाली जे वाजतं तिथं संगीतकाराला पहिल्यांदा मोकळी जागा मिळते, कुणी बोलत नाही, दार आपटत नाही. मी तेवढ्यासाठीच बसून राहिलो. भप्पकन दिवे लागले, आवाज बंद, आणि एक पोरगा झाडू घेऊन समोर. "पिक्चर संपला की ओ आज्जा." म्हटलं, बाबा, व्हायोलिन कुणी वाजवलं ते वाचायचंय. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याचा दोष नाही, पुढच्या खेळाआधी त्याला दोनशे खुर्च्यांखालचं पॉपकॉर्न गोळा करायचं असतं. पण त्या नावांसाठी आणखी तीन मिनिटं द्यायला काय हरकत आहे, हा प्रश्न मी मालकांना विचारतोय, त्याला नव्हे.

याच्या उलटही बघितलंय. 2016 मध्ये 'सैराट' लागला तेव्हा दुपारचा खेळ होता, पोरं आधी गाण्यांवर खुर्च्यांवर चढून नाचलेली. त्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा घेतला होता, हे त्या वेळी पेपरात सगळीकडं छापून आलं होतं. शेवटी ते लहान मूल रक्तात पाय भिजवून चालत बाहेर येतं. आणि काहीच वाजत नाही. एवढा मोठा वाद्यमेळ हाताशी असलेला पिक्चर तिथं मुका होतो. सगळं टॉकीज मागांचा करंट गेल्यासारखं बसलं होतं. माझ्यापुढच्या रांगेतला एक पोरगा, तासाभरापूर्वी शिट्ट्या मारणारा, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होता. ती शांतताही कुणीतरी ठरवून ठेवलेली असते. त्याबद्दल कुठल्याही परीक्षणात मी एक ओळ वाचली नाही. गाण्यांबद्दल रकानेच्या रकाने वाचले.

तेव्हा आपल्याला विनंती एवढीच. आपल्या सिनेमाच्या पानावर परीक्षणाच्या शेवटी 'संगीत श्रवणीय' असं लिहिलेलं असतं. कधी मनात आलं तर 'पार्श्वसंगीत पूरक'. पूरक म्हणजे काय हो? जेवणात कोशिंबीर पूरक असते. पुष्कळ पिक्चरांत गाणी एकाची आणि पार्श्वसंगीत दुसऱ्याचं असतं. त्या दुसऱ्याचं नाव छापत जा. जमलं तर एखादी ओळ, की अमुक ठिकाणी त्यानं काय केलं, किंवा काय केलं नाही. आपले परीक्षक पिक्चर बघायला जातात तेव्हा दहा मिनिटं डोळे मिटून बसले तरी ती ओळ लिहिता येईल. झोप लागली तर तेही लिहावं, त्यावरूनही कळतं. आणि रविवारच्या पुरवणीत कधीतरी एखाद्या खेळाच्या संगीतावर लेख येऊ द्या, पोरांकडूनच लिहून घ्या. पेपर आमच्या घरी फक्त मी वाचतो. तो लेख छापून आला तर दोघं वाचतील.

गुरुजींनी राग मानू नये. त्यांच्या पत्रामुळेच मी इतकं लिहायला बसलो, एरवी मी फार तर बिलं लिहितो.

आपला,
शहापूर, बेळगाव येथील एक पेटी दुरुस्तीवाला
(नाव छापू नये. गल्लीतली पोरं आधीच 'गेमवाला आज्जा' म्हणूलाल्यात.)

ता. क. : त्या खेळातली नदीपलीकडची एक चाल नातवानं दुकानातल्या पेटीवर बसवली, पांढरी सहावरून. वाजवता वाजवता थांबला आणि म्हणाला, आज्जा, हा कोमल धैवत उतरलाय. बघतो तर खरंच उतरलेला. ती पेटी तीन वर्षं माझ्या समोरच्या फळीवर आहे आणि रोज मी ती वाजवून बघतो. उद्या सकाळी उघडतो. गुरुजींनाही सवड असेल तर त्यांनी आपली पेटी घेऊन यावं, भाता तपासून देईन, पैसे नकोत.